उसना उपग्रह, उसनी यंत्रे

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालेली गाडी हातखंबा सोडून पुढे आली, की पाली लागते. येथे रस्त्याला फाटा फुटतो. एक रस्ता लांज्यावरून गोव्याकडे जातो, तर दुसरा नाणीज, साखरपा करीत आंबा घाट चढून कोल्हापूरकडे. चहूकडे डोंगर, मधून वळणावळणाचा रस्ता आणि उतारावर घरे. कोकणातल्या शेकडो गावांसारखेच हे गाव.

आता अशी कल्पना करा, की सन १९७२ चा ऑक्टोबर महिना आहे. २ तारखेला मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले आहे. पालीच्या एखाद्या शाळेत कोणी एक दूरचित्रवाणी संच आणून ठेवला, विजेला जोडला आणि कळ दाबली. पडद्यावर काय दिसेल? नुसत्या पांढऱ्या मुंग्या! संच उत्तम असला तरीही मुंग्याच.

मुंबईची रेडिओ केंद्रे पालीला ऐकू येऊ शकत होती, मग चित्र का दिसत नव्हते? आणि ते दिसावे म्हणून आपल्या देशाने परक्या देशाकडून चक्क एक उपग्रह वर्षभरासाठी उसना का आणला? विद्यार्थी मित्रहो, या प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्याला थोडे विज्ञान आणि थोडा इतिहास, दोन्ही पाहावे लागतील.

मनोरा किती उंच हवा?

रेडिओच्या मध्यम लहरी जमिनीला धरून वाकत वाकत दूरवर जातात. दूरचित्रवाणीच्या लहरी फार आखूड असतात. त्या प्रकाशासारख्या जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी मात्र गोल आहे. त्यामुळे मनोऱ्यावरून निघालेली लहर काही अंतरावर क्षितिजापाशी पोहोचते आणि तेथून पुढे जमिनीपासून वर वर जात अवकाशात निघून जाते.

हे अंतर काढण्याचे एक सोपे सूत्र आहे. मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१ ने गुणा. येणारे उत्तर म्हणजे लहरी किती किलोमीटरपर्यंत पोहोचतील तो आकडा. ३०० मीटर उंचीचा मनोरा घेतला तर उत्तर येते सुमारे ७१ किलोमीटर. मुंबई ते पाली हे हवेतले सरळ अंतर सव्वादोनशे किलोमीटरांहून अधिक आहे. हेच सूत्र उलटे वापरले तर पालीपर्यंत चित्र पोहोचवायला मुंबईत किती उंच मनोरा लागेल, हे कळते. तो लागेल तीन किलोमीटरांहूनही उंच! महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे जवळजवळ दोन कळसूबाई एकावर एक ठेवाव्या लागतील. यात वाटेतले डोंगर तर आपण धरलेच नाहीत.

याला एक उपाय म्हणजे ठिकठिकाणी मनोरे उभारत जाणे. परंतु भारतात तेव्हा साडेपाच लाखांहून अधिक खेडी होती. मनोरे शहरांपासून सुरू झाले असते आणि डोंगरातल्या गावाचा क्रमांक लागेपर्यंत तिथल्या मुलांच्या दोन-तीन पिढ्या शाळा सोडून गेल्या असत्या. डॉ. विक्रम साराभाई यांना हीच गोष्ट खटकत होती. त्यांचा विचार नेमका उलटा होता. जिथे काहीच नाही, तिथेच आधी पोहोचायचे. त्यासाठी मनोरा जमिनीवर उभारायचाच नाही, तो आकाशात टांगायचा!

आकाशात टांगलेला मनोरा

आकाशात वस्तू टांगून कशी राहील? पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रह जितका जवळ, तितकी त्याची फेरी लवकर पुरी होते. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह दीड तासात एक फेरी मारतो. आपला चंद्र पावणेचार लाख किलोमीटरांहून अधिक दूर आहे. त्याला सत्तावीस दिवस लागतात. तेव्हा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी अशी एक उंची असलीच पाहिजे, की जिथे फेरीला बरोबर एक दिवस लागेल. ही उंची आहे ३५,७८६ किलोमीटर. विषुववृत्ताच्या वर या उंचीवर उपग्रह सोडला, की तो पृथ्वीबरोबरच फिरतो आणि खालून पाहणाऱ्याला एकाच जागी स्थिर वाटतो. अशा उपग्रहाचा संदेशवहनासाठी उपयोग करता येईल, ही कल्पना आर्थर क्लार्क यांनी १९४५ सालीच मांडली होती.

असा उपग्रह बनविण्याची किंवा तो इतक्या उंचीवर नेण्याची शक्ती त्या वेळी भारतापाशी नव्हती. अमेरिकेच्या नासा या संस्थेपाशी ती होती. १९६९ च्या सप्टेंबरमध्ये भारताचे अणुशक्ती खाते आणि नासा यांच्यात करार झाला. पुढे आपली इस्रो ही संस्था या कामात पुढे आली. प्रयोगाला नाव मिळाले ‘साइट’, म्हणजे उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग.

कराराची वाटणी मोठी पाहण्यासारखी होती. उपग्रह अमेरिकेचा आणि तोही एकाच वर्षापुरता. जमिनीवरचे सारे काही भारताचे. वर चित्र पाठविणारी भूकेंद्रे, खेड्यांतले संच, त्यांची दुरुस्ती, कार्यक्रम आणि त्यांची भाषा, सारे आपण सांभाळायचे. मुलांना काय दाखवायचे हे ठरविणे पूर्णपणे आपल्या हाती होते. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. गणिताचे पुस्तक शेजाऱ्याकडून मागून आणले म्हणून उदाहरणेही त्यालाच सोडवायला सांगितली, तर आपल्याला गणित कधीच येणार नाही.

दुर्दैवाने डॉ. साराभाई हा प्रयोग पाहू शकले नाहीत. ३० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर इतरांनी काम पुढे नेले. प्रा. यश पाल हे त्यांतले एक प्रमुख शास्त्रज्ञ होते.

छत्री आणि कोंबड्यांची जाळी

या उपग्रहाचे नाव एटीएस-६. ३० मे १९७४ रोजी तो आकाशात गेला. पहिले वर्ष त्याने अमेरिकेतच काम केले. तिथल्या डोंगराळ भागांतल्या आणि अलास्कातल्या दूरदूरच्या वस्त्यांना त्याने शिक्षण आणि आरोग्याचे कार्यक्रम पुरविले. श्रीमंत देशातही डोंगराआडची गावे असतात, हे यावरून दिसते! नंतर हा उपग्रह हळूहळू सरकवीत आफ्रिकेच्या वर, ३५ अंश पूर्व रेखांशावर आणून ठेवण्यात आला. पालीच्या मुलाने तेव्हा पश्चिमेकडे तोंड करून, किंचित दक्षिणेला वळून, क्षितिज आणि डोक्यावरचा बिंदू यांच्या जवळजवळ मध्यावर बोट दाखविले असते, तर ते बोट बरोबर या उपग्रहाकडे वळले असते. तो दिसला मात्र नसता.

इतक्या लांबून येणारी लहर फार क्षीण होते. म्हणून उपग्रहावर ९ मीटर व्यासाची मोठी अँटेना बसविली होती. ती मिटलेल्या छत्रीसारखी घडी करून वर नेली आणि अवकाशात उघडली. या छत्रीमुळे लहरी इतस्ततः न पसरता भारताच्या दिशेने एकवटल्या. वर छत्री मोठी म्हणून खाली खेड्यातली अँटेना लहान चालणार होती.

ही खालची अँटेना आपल्या अभियंत्यांनी कशाची बनविली असेल? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या तारेच्या जाळीची! तीन मीटर व्यासाच्या सांगाड्यावर ही जाळी ताणून बसविली, की झाली अँटेना तयार. तुम्ही म्हणाल, जाळीला तर भोके असतात, लहरी त्यांतून आरपार जाणार नाहीत का? येथेही थोडे गणित करू. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी सेकंदाला ८६ कोटी कंपने करीत होत्या. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. भागाकार केला की लहरीची लांबी येते सुमारे ३५ सेंटिमीटर. जाळीचे भोक लहरीच्या लांबीपेक्षा पुष्कळ लहान असले, की त्या लहरीला जाळी अखंड पत्र्यासारखीच वाटते आणि ती परावर्तित होते. वाऱ्याला मात्र भोके भोकेच वाटतात. तो आरपार निघून जातो. त्यामुळे अँटेना हलकी झाली, स्वस्त झाली, वादळवाऱ्यात टिकाव धरू लागली आणि खेड्यात दुरुस्त करण्याजोगीही झाली.

एक वर्षाची शाळा

१ ऑगस्ट १९७५ रोजी प्रयोग सुरू झाला. राजस्थान, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतली सुमारे २,४०० खेडी त्यासाठी निवडली होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. पण आपल्या सोलापूर जिल्ह्याला लागून असलेला विजापूर जिल्हा कर्नाटकाच्या गटात होता. शिवाय मुलांसाठी विज्ञानाचे कार्यक्रम करणारा इस्रोचा एक स्टुडिओ मुंबईत होता.

दररोज चार तास कार्यक्रम होत. सकाळचा दीड तास शाळेतल्या मुलांसाठी आणि संध्याकाळचे अडीच तास सर्व गावासाठी असत. संध्याकाळी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन असे विषय असत. सकाळचा दीड तास हिंदी, कन्नड, ओरिया आणि तेलुगू अशा चार भाषांत वाटायचा, म्हणजे प्रत्येक भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे! एका चित्राबरोबर दोन भाषांतले आवाज पाठविण्याचीही सोय होती.

नुसते मुलांना शिकवून भागणार नव्हते. संच बंद झाल्यावर वर्गात उरतात ते गुरुजी. म्हणून सुटीच्या काळात शिक्षकांसाठी बारा-बारा दिवसांचे विज्ञान-अध्यापनाचे वर्ग याच उपग्रहावरून घेण्यात आले. दोन सुट्यांत मिळून जवळजवळ ५० हजार प्राथमिक शिक्षकांना त्याचा लाभ झाला.

प्रयोगात उणिवाही होत्या. सर्वांत मोठी म्हणजे चित्राला प्रश्न विचारता येत नाही. एखाद्या मुलीला पडद्यावरचे काही कळले नाही, तरी पडद्यावरचे गुरुजी थांबत नाहीत. वीज गेली की धडा गेला. आणि साडेबावीस मिनिटांत पाच वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या मुलाला एकच गोष्ट शिकविणे हे कुणाही शिक्षकाला अवघडच.

३१ जुलै १९७६ रोजी वर्ष संपले. ठरल्याप्रमाणे अमेरिकेने उपग्रह परत नेला. काही गावांची सोय गुलबर्ग्यासारख्या ठिकाणी जमिनीवरचे प्रक्षेपक उभारून करता आली, पण पुष्कळ गावांतला पडदा काळा झाला. मग या उसन्या वर्षाचा उपयोग काय झाला? त्याचे उत्तर पाहण्यापूर्वी आपण मुंबईजवळच्या आणखी एका उसनवारीची गोष्ट पाहू.

पवईला आलेली यंत्रे

दुसरे महायुद्ध संपत आले असताना नलिनी रंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली होती. देशाच्या चार दिशांना चार उच्च तंत्रशिक्षण संस्था असाव्यात, असे तिने सुचविले. पूर्वेची संस्था १९५१ साली खरगपूरला निघाली. पश्चिमेची संस्था मुंबईला काढायचे ठरले. हीच आजची पवईची आय. आय. टी.

संस्थेला यंत्रे हवी होती आणि ती वापरायला शिकविणारे तज्ज्ञ हवे होते. भारतापाशी परकीय चलन थोडे होते. ही अडचण एका वेगळ्याच कोड्यातून सुटली. संयुक्त राष्ट्रसंघाने मागासलेल्या देशांना तांत्रिक मदत देण्यासाठी निधी काढला होता. सोव्हिएत संघ त्यात आपला वाटा देई तो स्वतःच्या रुबल या नाण्यात. रुबल हे नाणे बाहेरच्या बाजारात चालत नसे. जे पैसे इतर देशांत खर्च करता येत नाहीत, त्यांचे करायचे काय? युनेस्कोने त्या रुबलांतून सोव्हिएत देशातच यंत्रे घेतली, तिथलेच तज्ज्ञ नेमले आणि ते मुंबईला पाठविले. अशा रीतीने अडून राहिलेल्या पैशातून एक संस्था उभी राहिली.

ही मदत १९५६ ते १९७३ या काळात येत राहिली. त्या काळात ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ सोव्हिएत देशातून आले. तसेच भारतातल्या अध्यापकांना तिकडे जाऊन शिकता यावे म्हणून २७ शिष्यवृत्त्या देण्यात आल्या. इमारती, रोजचा खर्च आणि इथल्या अध्यापकांचे पगार हा भार भारत सरकारने उचलला. पवईच्या तलावाकाठची सुमारे ५५० एकर जमीन तेव्हाच्या मुंबई राज्याने दिली.

जमीन मिळाली, पण इमारती कुठे होत्या? म्हणून २५ जुलै १९५८ रोजी पहिला वर्ग भरला तो वरळीला, रेशीम-कापड गिरण्यांसाठी संशोधन करणाऱ्या ‘सस्मिरा’ या संस्थेच्या जागेत. विद्यार्थी होते १००. अर्ज आले होते ३,४०० हून अधिक. पुढच्या वर्षी, १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पवईला कोनशिला बसविण्यात आली. याच काळात मद्रासच्या संस्थेला पश्चिम जर्मनीने, कानपूरच्या संस्थेला अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांनी आणि दिल्लीच्या संस्थेला ब्रिटनने साहाय्य केले. जगात त्या वेळी अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांचे हाडवैर होते. भारताने मात्र दोघांकडूनही शिकून घेतले.

पवईला आलेल्या यंत्रांत पुढे ‘मिन्स्क-२’ नावाचा संगणकही होता. तुमच्या घरातल्या साध्या मोबाइलची शक्ती त्याच्यापेक्षा लाखो पटींनी अधिक आहे. ती जुनी यंत्रे आज कामाची उरलेली नाहीत. पण त्यांच्यावर शिकलेल्यांनी पुढच्यांना शिकविले आणि त्यांनी त्यापुढच्यांना. एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. या संस्थांत शिकून तयार झालेले पुष्कळ अभियंते परदेशी निघून गेले. गरीब देशाने आपल्या तुटपुंज्या पैशातून शिकविलेली बुद्धी श्रीमंत देशांच्या कामी यावी का, या प्रश्नावर आजही वाद चालतो. तुम्हीही त्यावर विचार करा.

उसना, विकत, स्वतःचा आणि भेट

आता उपग्रहाकडे परत येऊ. १९७६ मध्ये उसना उपग्रह गेला, पण भूकेंद्र चालविणारे, संच दुरुस्त करणारे आणि खेड्यातल्या मुलांसाठी कार्यक्रम करणारे लोक येथेच राहिले. पुढचा उपग्रह कसा हवा, हे त्यांना आता अनुभवाने ठाऊक होते. १९८३ साली इन्सॅट-१बी आकाशात गेला. तो आपल्या गरजेप्रमाणे अमेरिकन कंपनीकडून विकत बनवून घेतला होता. या काळात महाराष्ट्राचाही क्रमांक लागला. १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही संस्था निघाली आणि मराठी मुलांना मराठीतून धडे दिसू लागले. पुढे ती संस्था बंद पडली, पण तिचे कार्यक्रम पाहिलेले पुष्कळजण आज तुमचे आईवडील असतील.

१९९२ साली इन्सॅट-२ए हा उपग्रह आपण स्वतः बनविला. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी असलेला ‘एज्युसॅट’ श्रीहरिकोटाहून, आपल्याच अग्निबाणाने वर गेला. त्याच्या पहिल्या प्रयोगांत नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सामील होते. ‘साइट’मध्ये राहून गेलेली उणीव आता भरून निघाली. विद्यार्थ्याला दूरच्या शिक्षकाला प्रश्न विचारता येऊ लागला.

आणि ५ मे २०१७ रोजी भारताने दक्षिण आशियातल्या शेजाऱ्यांच्या उपयोगासाठी एक उपग्रह भेट म्हणून सोडला. १९७५ साली ज्याने उपग्रह उसना घेतला, त्याच देशाने ४२ वर्षांनी तो दुसऱ्यांना दिला! मद्रासच्या आय. आय. टी.ने २०२३ साली आफ्रिकेत, टांझानियाच्या झांजिबार बेटावर आपली शाखा उघडली. पवईच्या आय. आय. टी.चे ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे संगणक शिकविणारे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य मिळतात. ते पाहायला परीक्षा देऊन पवईला जावे लागत नाही. पालीला बसूनही ते शिकता येतात.

मदत ही गोष्ट विहिरीवरच्या दोरासारखी आहे. दोर शेजाऱ्याचा असला तरी पाणी आपणच ओढायचे असते, आणि दोर परत करायच्या आत स्वतःचा वळायला शिकून घ्यायचे असते. ‘साइट’ची मुदत पहिल्या दिवसापासूनच ठरलेली होती. एक वर्षात सगळे शिकून घ्यायचे आहे, हे सर्वांना माहीत होते, म्हणूनच ते शिकून झाले.

करून पाहा

१. आपल्या गावातल्या घरांवरच्या दूरदर्शनच्या मोफत वाहिन्यांच्या, म्हणजे ‘डीडी फ्री डिश’च्या पाच-सहा तबकड्या पाहा. होकायंत्राने त्यांची दिशा मोजा. सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला का आहेत? शाळेतल्या मुलांसाठी असलेल्या ‘पीएम ई-विद्या’ वाहिन्याही याच तबकडीवर दिसतात.

२. या वाहिन्या ज्या उपग्रहावरून येतात, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर आहे. पृथ्वीचा गोल घ्या. त्यावर आपले गाव आणि ही जागा शोधा. तुमच्या होकायंत्राने दाखविलेली दिशा जुळते का?

३. लहर जमिनीवरून उपग्रहाकडे जाऊन परत येते, म्हणजे सुमारे ७२,००० किलोमीटरांचा प्रवास करते. तिचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर असतो. तर पडद्यावरचे चित्र खऱ्या घटनेच्या निदान किती मागे असेल? उत्तर काढून वहीत लिहा.